चाँदरात आणि ईदची सकाळ रंगमंचावर दाखवताना : १९७५ च्या औरंगाबादेतील दागिने, कपडे आणि रीतीभाती

पडद्यामागची (प्रश्न)

नमस्कार. आमची हौशी नाट्यसंस्था यंदाच्या स्पर्धेसाठी एक दोन अंकी नाटक बसवत आहे आणि वेशभूषा व रंगमंचावरील सामानसुमान यांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. नाटकाचा काळ १९७५ चा आहे. स्थळ म्हणजे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, तेथील शहागंज भागातले एक मध्यमवर्गीय मुस्लिम घर. पहिला अंक चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, संपतो आणि दुसरा रमजान ईदच्या सकाळी सुरू होतो. घरात विधवा आजी, शाळामास्तर वडील, आई, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा एवढी माणसे आहेत. थोरल्या मुलीचे लग्न त्याच वर्षी झाले असून तिचे सासर जालन्याला आहे.

संहितेत लेखकाने ‘सर्वजण ईदच्या पोशाखात’ एवढीच सूचना दिली आहे. त्या तीन शब्दांवर भिस्त ठेवून दिग्दर्शकांनी कपडेपटवाल्याकडून वडिलांसाठी चकचकीत साटिनची शेरवानी व सोन्याची साखळी, आईसाठी घागरा, बिंदी-पट्टी व मोठी नथ, आणि आजीसाठी जरीकाठी साडी मागवली आहे. मागच्या पडद्यावर मध्यरात्रीच्या प्रवेशात चंद्रकोर झळकणार आहे. मुलीच्या हातावर दर प्रयोगाला झटपट रंगणारी काळी मेंदी लावायची, असेही ठरले आहे. संवादात मे महिन्याच्या उकाड्याचा आणि आंब्यांचा उल्लेख आहे, तो मात्र लेखकाचा आहे.

हे सारे मला कुठेतरी खोटे वाटते, परंतु नेमके काय खोटे आहे हे पुराव्यानिशी सांगता येत नसल्यामुळे तालमीत माझे कोणी ऐकत नाही. ज्यांनी त्या काळचे ते घर आतून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शहागंजची लेक

ताई, आपण विचारलेत हे फार बरे केलेत, कारण आपण वर्णन केलेला पोशाख ईदचा नसून हिंदी चित्रपटातल्या कव्वालीचा आहे. माझा जन्म शहागंजातलाच, १९७५ साली मी नऊ वर्षांची होते आणि माझे वडीलही शिक्षकच होते, तेव्हा आपल्या नाटकातले घर जवळपास माझेच आहे असे समजून लिहिते.

सर्वात आधी ती सोन्याची साखळी परत करा. आमच्याकडे पुरुषाला सोने आणि अस्सल रेशीम दोन्ही वर्ज्य आहेत. चांदीची अंगठी चालते. इतर दिवशी कोणी हौसेने साखळी घालत असेल, पण नमाजाला निघालेले शाळामास्तर ईदच्या सकाळी ती घालणार नाहीत. वडिलांना पांढरा सुती किंवा त्या काळी नव्याने प्रतिष्ठा पावलेल्या टेरिकॉटचा कुर्ता-पायजमा द्या. शेरवानी हवीच असेल तर ती जुनी, गडद रंगाची, लग्नातली, कोपरांवर थोडी झिजलेली आणि कापूर-डांबरगोळीच्या वासाची असावी. वास प्रेक्षकांपर्यंत पोहोचणार नाही हे खरे, परंतु नटाला तो उपयोगी पडेल.

पुरुषांचा साज म्हणजे स्नान, मिसवाक (दात घासण्याची काडी), सुरमा आणि अत्तर. पितळी सुरमेदाणीतून काडी काढून वडील आधी स्वतःच्या डोळ्यांत सुरमा घालतात, मग मुलाची हनुवटी धरून त्याच्या डोळ्यांत घालतात आणि मुलगा डोळे मिटून पाणी काढतो, हा प्रसंग आमच्या घरी दर ईदला घडत असे. अत्तराचा फाया, म्हणजे कापसाचा इवलासा बोळा, कानाच्या वरच्या वळणात खोचायचा असतो. कानाच्या भोकात कोंबायचा नसतो. हे मुद्दाम लिहिते, कारण एका प्रयोगात मी नटाला कान दुखत असल्यासारखा कापूस घातलेला पाहिला आहे. खस, गुलाब, मोगरा किंवा हिना यांपैकी कोणतेही अत्तर चालेल.

आता आईविषयी. घागरा आमच्या घरातल्या लग्न झालेल्या बायकांनी कधीच घातला नाही. मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या घरांत आई साडीच नेसत असे, लांब बाह्यांचे पोलके आणि डोक्यावरून पदर; बाहेर पडताना त्यावर बुरखा. पंधरा वर्षांच्या मुलीला सलवार-कमीज आणि ओढणी द्या, ओढणीला गोटा, म्हणजे चमकती जरीची किनार, लावलेली असू द्या. नथ ही नवरीची. रोजच्या नाकात चमकी असे, ईदलाही तीच. बिंदी-पट्टीचेही तसेच, ती लग्नाची शोभा. आईच्या गळ्यात काळी पोत हवी, जिला दख्खनी बोलीत लच्छा म्हणतात. काळ्या मण्यांचे सर आणि मध्ये जमेल तेवढे सोने. आपल्या मंगळसूत्राशी तिचे नाते उघड आहे आणि शेजारच्या काकू व माझी अम्मी आपापले काळे मणी एकाच पटव्याकडून (दागिने ओवून देणाऱ्याकडून) ओवून घेत असत. कानात करणफूल किंवा झुमके. सातलडा, म्हणजे मोत्यांचा सात पदरी हार, हा हैदराबादच्या नवाबी घरांतला. मास्तरांच्या पगारात तो बसत नाही.

पैसा कमी पडतो तिथे बांगड्या भरून काढतात, म्हणून बांगड्यांवर सगळे लक्ष द्या. ईदच्या आधीच्या दिवसांत मनियारीण घरी येत असे. ती काचेच्या बांगड्यांचा जोड भरताना हाताला थोडे तेल चोळी, अंगठ्याखालचे हाड दाबून तळवा असा काही दुमडून घेई की बांगडी मनगटावर सरकली हे आपल्याला नंतर कळावे. काचेच्या बांगड्यांच्या दोन्ही टोकांना लाखेचे गोट घालायचे, खडे बसवलेले. हे गोट हैदराबादच्या लाड बाजारातून येत. चारमिनारच्या बाजूला तो बाजार आहे आणि मनमाड-काचीगुडा मीटरगेजच्या गाडीने नातलग ये-जा करत, त्यामुळे कोणीतरी आणून देईच. लाख भट्टीवर मऊ करून, तिची वळी ओढून, लाकडी दांड्यावर गोल करतात आणि ऊब असतानाच त्यात एकेक खडा रोवतात. ज्या कुणाकडे आजही जुने गोट असतील, त्यांच्याकडून मागून आणा. प्लॅस्टिकचे गोट हात हलवला की वेगळेच वाजतात आणि नाट्यगृहात ते ऐकू येते.

आजीला जरीकाठी साडी नको. इद्दतीचे, म्हणजे पतीच्या निधनानंतर पाळायच्या मुदतीचे, चार महिने दहा दिवस संपल्यानंतर विधवेला साज करण्यास धर्माची आडकाठी नाही, परंतु आमच्या भागात चालीने तसे होत नसे. माझ्या दादीमाँने आजोबांच्या पश्चात काचेची बांगडी भरली नाही. पांढरी किंवा फिकी साडी, बोटात चांदीची अंगठी आणि कानाच्या पाळीवर पूर्वीच्या बाली-पत्त्यांची रिकामी भोके, एवढेच तिचे रूप होते. ती भोके रंगभूषाकाराने बारीक काळ्या ठिपक्यांनी दाखवली तर मला आनंद होईल.

पंचांगप्रेमी

वरील प्रतिसाद अप्रतिम आहे. मी फक्त आकाशाबद्दल लिहितो, कारण नाटकांतल्या चंद्राने मला आजवर पुष्कळ त्रास दिला आहे.

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते आणि त्यात आपल्यासारखा अधिक मास धरत नाहीत, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. १९७५ साली रमजान ईद ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, घटस्थापनेच्या मागेपुढे आली होती. यात योगायोग फारसा नाही: रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याची पहिली तारीख चंद्रदर्शनावर ठरते आणि आपला शुद्ध पक्षही अमावास्येनंतरच सुरू होतो, तेव्हा ईद नेहमी शुद्ध प्रतिपदा, द्वितीया किंवा फार तर तृतीयेच्या सुमारास पडते. मे महिन्याचा उकाडा हवाच असेल तर नाटक १९८८ सालात न्यावे लागेल, किंवा आंबे काढून सीताफळे ठेवावी लागतील. दुसरा पर्याय मला स्वस्त वाटतो, आणि दौलताबादच्या बाजूची सीताफळे त्या दिवसांत खरोखरच बाजारात असतात.

दुसरी गोष्ट मध्यरात्रीच्या कोरेची. ईदचा चंद्र पश्चिमेला सूर्यास्तानंतर लगेच दिसतो, क्षितिजाच्या जवळ, आणि बहुधा तासाभरातच मावळतो. तो पाहण्यासाठी लोक गच्चीवर चढतात ती वेळ मगरिबची, म्हणजे तिन्हीसांजेची. मध्यरात्री आकाशात कोर नसतेच. पडद्यावरची कोर जाड, पिवळीधमक आणि उभी असते, तीही दुरुस्त करावी; खरी कोर नखाच्या कडेइतकी बारीक आणि आपल्या अक्षांशांवर ऑक्टोबरात तिरकी, एका बाजूला कललेली असते. ती शोधण्यातच गंमत आहे. एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, तिसरा दिसल्याचे नुसतेच सांगतो. माझे मत विचाराल तर पडद्यावर कोर दाखवूच नये. मुलगा बोट दाखवतो आणि आजीला मोतीबिंदूमुळे ती दिसत नाही, एवढ्यावर प्रवेश उभा राहतो.

हातमाग

रेशमाचा विषय निघाला आहे आणि गाव औरंगाबाद आहे, तेव्हा हिमरू या इथल्या कापडाचे नाव न घेता पुढे जाणे योग्य होणार नाही. पुरुषांना अस्सल रेशीम वर्ज्य असल्याची जी बाब वर आली, तिच्यातून विणकरांनी एक सुंदर वाट काढली. मशरू नावाच्या कापडात ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो. विणच अशी घालतात की चमकदार रेशीम वरच्या बाजूला येते आणि अंगाला सूत लागते. मशरू या शब्दाचा अर्थच ‘शरीयतला मान्य’ असा आहे. गुजरातेत पाटणला ते विणले जात असे. औरंगाबादच्या हिमरूतही सूत आणि रेशीम यांचा मिलाफ आहे, मात्र त्यात जादा बाण्याने वेलबुट्टी काढतात. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर इकडे आले, असे परंपरेने सांगितले जाते.

शाळामास्तरांना हिमरूची पूर्ण शेरवानी परवडणार नाही हे मान्य. पण आजोबांच्या काळची, बुट्टीदार हिमरूची एक जाकीट पेटीतून निघू शकते, आणि वडिलांनी ती मुलाच्या अंगाला लावून पाहावी, मोठी होते म्हणून पुन्हा घडी घालून ठेवावी. कपडेपटातल्या साटिनला मात्र माझा सक्त विरोध आहे.

खाडीपलीकडचा

मी रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान आहे, त्यामुळे औरंगाबादच्या घराविषयी अधिकारवाणीने बोलणार नाही. पण दिग्दर्शकांनी उद्या आणखी कुणाला विचारून तपशिलांची सरमिसळ करू नये म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. आम्ही शाफई पंथशाखेचे आहोत, मराठवाड्यातले बहुसंख्य हनफी शाखेचे. ईदच्या नमाजात त्यांच्याकडे सहा जादा तकबिरी (‘अल्लाहू अकबर’चे उच्चार) असतात, आमच्याकडे बारा, पहिल्या रकातीत (नमाजाच्या आवर्तनात) सात व दुसऱ्या रकातीत पाच. घरात बोलायची भाषाही वेगळी: आमच्या घरी कोकणी बोली, त्यांच्या घरी दख्खनी. आपल्या संहितेतील आजी जर लखनवी थाटाचे उर्दू बोलत असेल तर तिथेही लक्ष घालावे. शहागंजातल्या आजीच्या तोंडी ‘हौ’ आणि ‘नक्को’ शोभेल.

आणखी एक. ईदच्या नमाजाला अजान नसते. नाटकात पहाटे फज्रची अजान जरूर ऐकवा, परंतु ईदगाहकडे निघताना पार्श्वभूमीला पुन्हा अजान लावू नका. त्या वेळी हळू आवाजात म्हटलेली तकबीर चालेल.

पडद्यामागची

सर्वांचे मनापासून आभार. सीताफळांचा ठराव कालच्या तालमीत बिनविरोध मंजूर झाला, साटिनची शेरवानी परत गेली आणि चंद्राविषयी अद्याप वाद चालू आहे. प्रकाशयोजनाकारांनी कोर तयार करून ठेवली असल्याने त्यांचे मन मोडत नाही.

शहागंजच्या ताईंना आणखी तीन गोष्टी विचारते. मेंदी १९७५ साली कशी काढत असत आणि ती रंगमंचावर कशी दाखवावी? चाँदरातीच्या लांबलचक प्रवेशात चार बायका हाताने नेमके काय करत असतील, कारण सध्या त्या नुसत्या बसून बोलतात? आणि सकाळी नमाजानंतर सर्वजण बिर्याणी खातात असे संहितेत आहे, ते बरोबर आहे का?

शहागंजची लेक

शेवटचे आधी सांगते. सकाळी बिर्याणी नाही, शीरखुर्मा. नमाजाला निघण्यापूर्वी पुरुष काहीतरी गोड खाऊन निघतात, खजूर असतील तर एक, तीन, पाच अशा विषम संख्येत. मांसाहारी जेवण दुपारी. उपाशीपोटी नमाज आणि नंतर खाणे ही रीत बकरी ईदची आहे. तिथे बकऱ्याच्या कपाळाला मेंदी आणि गळ्यात हार-घुंगरू असा साज असतो, पण तो वेगळा सण आणि वेगळे नाटक.

चाँदरातीला आमच्या घरात कोणीही नुसते बसलेले मला आठवत नाही. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, पण आमच्याकडे खारीक वापरतात आणि खारीक सरळ येत नाही. ती भिजत घालायची, बी काढायची आणि अडकित्त्याने कागदासारखे काप करायचे. दादीमाँचे काप इतके पातळ असत की उजेडाला धरले तर पलीकडचा दिवा दिसे. बदाम-पिस्ते गरम पाण्यात घालून सोलायचे. चारोळीची साले काढणे हे मुलांचे काम, ओल्या फडक्यात घेऊन रगडायचे आणि साले फुंकरीने उडवायची. शेवया घरच्याच. खाटेच्या माच्याला पितळी यंत्र आवळून एकीने पीठ भरायचे, दुसरीने दांडा फिरवायचा आणि खाली येणारे तार तिसरीने काठीवर झेलून वाळत टाकायचे, हे काम आधीच्या उन्हाळ्यातच होऊन जाई. चाँदरातीला त्या फक्त डब्यातून काढून तुपावर बदामी रंगावर परतायच्या. तेव्हा एका बाईला अडकित्ता, दुसरीला सुपारीएवढ्या बदामांची वाटी, मुलीला ओली मेंदी आणि आजीला गहू द्या.

गहू कशासाठी, ते सांगायला हवे, कारण माझ्या मते तो आपल्या अंकातला सर्वात मोलाचा प्रसंग होऊ शकतो. नमाजापूर्वी प्रत्येक माणसामागे फितरा द्यायचा असतो, अगदी तान्ह्या बाळामागेसुद्धा. गव्हाचा हिशेब माणशी पावणेदोन ते दोन किलोच्या आसपास येतो. गोरगरिबांच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी हा हेतू. दादीमाँ परातीत एकेकाचे नाव घेऊन गहू मापत असे. ज्या वर्षी माझ्या फुफीचे, म्हणजे आत्याचे, लग्न झाले, त्या वर्षी दादीमाँने सवयीने तिच्याही नावाचे माप भरले आणि मग ते परातीतून परत काढावे की राहू द्यावे, याचा विचार करत ती थोडा वेळ गप्प बसली. सासरी गेलेल्या मुलीचा फितरा तिच्या घरचे देतात. शेवटी तिने ते माप राहू दिले. आपल्या नाटकातही थोरली जालन्याला आहे, म्हणून हे सुचवले.

त्या थोरलीसाठी माहेरून पहिल्या ईदचे सामानही गेलेले असणार: तिला आणि जावयाला कपड्यांचा जोड, बांगड्या, शेवया, सुकामेवा. आपल्या दिवाळसणासारखेच, आणि खर्चाची कुरबूरही तशीच. आईने सुतळीने बांधलेल्या डब्याचा एखादा उल्लेख पुरेसा आहे.

आता मेंदी. कोनाच्या सुबक वेलबुट्टीचे ते दिवस नव्हते. अंगणातली पाने पाट्यावर वाटायची, त्यात लिंबाचा रस व कात घालायचा, तळव्याच्या मधोमध मोठा गोल ठिपका, त्याच्याभोवती आगपेटीच्या काडीने बारके ठिपके आणि बोटांची टोके पूर्ण माखलेली. त्यावर चिंध्या बांधून झोपायचे. सकाळी उशीला, चादरीला आणि गालाला मेंदी. रात्रीच्या प्रवेशात वाटलेला पाला किंवा हिरवट माती लावली तरी चालेल. सकाळच्या प्रवेशात मात्र हात लालबुंद नको. मेंदी नुकतीच धुतली की नारिंगी दिसते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होते, म्हणून मुलीने सकाळी ‘रंगलीच नाही’ अशी कुरकूर करणे अगदी खरे आहे. प्रयोगाच्या आदल्या रात्री मुलीला साधी राजस्थानी सोजतची मेंदी लावा, रंग हवा तसाच मिळेल.

झटपट काळी मेंदी कृपया आणूच नका. तिच्यात बऱ्याचदा केस काळे करण्याच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने ईदच्या आदल्या दिवशी बाजारात बसलेल्या एकीकडून ती काढून घेतली. तिसऱ्या दिवशी नक्षीच्या रेषेबरहुकूम फोड उठले आणि त्याचे डाग आजही मनगटावर वाचता येतात. स्पर्धेत आपले बरेच प्रयोग होवोत, पण प्रत्येक प्रयोगाला त्या मुलीच्या हाताशी खेळ नको.

राहिली सकाळ. पुरुष छावणीच्या ईदगाहला एका रस्त्याने जातात आणि दुसऱ्या रस्त्याने परत येतात, वाटेत कबरस्तानात फातिहा पढतात. म्हणून वडील आणि मुलगा ज्या विंगेतून गेले, तिच्या समोरच्या विंगेतून परत आणा. आल्यावर गळाभेट, मग मुलगा आजीला वाकून सलाम करतो आणि आजी पदराची गाठ सोडून ईदी देते. १९७५ साली ती चार आणे, आठ आणे किंवा फार झाले तर कोरी करकरीत एक रुपयाची नोट असे. गाठ घट्ट मारा, म्हणजे ती सुटायला वेळ लागेल. आमच्या दादीमाँची गाठ दातांनीच सुटत असे आणि तोवर आम्ही सगळी भावंडे हात पुढे करून तिच्या तोंडाकडे पाहत उभी असू.

जुने लाखेचे गोट माझ्याकडे चार आहेत, एकाचे दोन खडे पडलेले आहेत. संदेश पाठवून पत्ता कळवलात तर कापसात गुंडाळून पाठवते. फक्त रंगमंचावरच्या दिव्यांच्या अगदी जवळ ठेवू नका, लाख लगेच मऊ पडते.